हार्ड डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही : दोष शोधावा कसा?



या पानावर आपण नेहमी बेणे, खोडवा, हुमणी आणि ठिबक यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. हे ऊसवाल्याच्या पानावर कशाला, असे काहीजण विचारतील. पण गटात फिरताना, लागणीच्या नोंदी घेताना, हल्ली हा प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, पोराच्या लॅपटॉपला ती बाहेरची डिस्क कधी घेते, कधी घेतच नाही. फेकून द्यायची काय?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. फेकू नका आणि घाईने फॉरमॅटही करू नका. जी डिस्क कधी दिसते आणि कधी दिसत नाही ती बहुतेक वेळा मेलेली नसते. पण ती इशारा देत असते. हा इशारा समजून घेऊन पायरीपायरीने दोष शोधला, तर पुष्कळदा तो शे-दोनशे रुपयांच्या केबलमध्ये सापडतो. घाई केली तर मात्र आतला माल कायमचा जातो.

डिस्कमध्ये आपले काय असते?

आपल्या घरांतून या डिस्कवर काय काय ठेवलेले असते ते बघा. लग्नाचे आणि वास्तुशांतीचे फोटो, जुने खरेदीखत व वाटणीपत्र यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, पाणीपुरवठा संस्थेचा हिशेब, ठिबकचे आराखडे, मुलांचा कॉलेजचा प्रकल्प. यातले काही पुन्हा मिळते. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन परत काढता येतो. उसाच्या वजनाची नोंद कारखान्याकडे असतेच. पण वारलेल्या वडिलांचे बोलतानाचे चित्रीकरण कुठल्या कचेरीत मिळणार? म्हणून डिस्कची किंमत चार-पाच हजार धरू नये, आतल्या मालाची धरावी.

डिस्कची रचना

जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे साठवत. आज खिशात मावणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये एक लाख कोटी इंग्रजी अक्षरे मावतात. पण मूळ तत्त्व तेच आहे. आत चकचकीत तबकडी फिरते आणि तिच्यावरून वाचणारे टोक पुढे-मागे सरकते. लहान डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. वाचणारे टोक आणि तबकडी यांतले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. त्यामुळे चालू डिस्क हलवणे किंवा आपटणे म्हणजे चालत्या चरकात लोखंडी पहार घालण्यासारखे आहे.

या डिस्कच्या डबीत आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे एक छोटी पट्टी. डिस्कची भाषा आणि लॅपटॉपच्या यूएसबीची भाषा यांच्यामध्ये ती दुभाष्याचे काम करते. कधी कधी डिस्क ठणठणीत असते आणि ही पट्टी बिघडलेली असते, हे लक्षात ठेवावे.

डिस्क दिसली की पहिले काम

दोष शोधण्याआधी हे काम करावे. डिस्क ज्या वेळी दिसेल त्याच वेळी महत्त्वाचा माल दुसरीकडे उतरवून घ्यावा. "आता दिसतेय ना, मग झालं" असे म्हणून ठेवून देऊ नये. पुढच्या वेळी ती दिसेलच असे नाही.

उतरवताना क्रम ठेवावा. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी, म्हणजे कुटुंबाचे फोटो, कागदपत्रे, हिशेब. सिनेमे आणि गाणी शेवटी. अख्खी डिस्क एकदम ओढायला घेऊ नये. एक-एक फोल्डर घ्यावा, म्हणजे मध्येच तुटली तरी आधीचे हाती राहते. एखाद्या फाइलवर डिस्क अडकून बसली, तर तीच फाइल दहा वेळा न ओढता ती सोडून पुढे जावे.

पाणी कुठपर्यंत आले ते पाहा

सरीत पाणी आले नाही तर आपण काय करतो? एकदम मोटर उपसून बाहेर काढत नाही. लाइट आहे का, मोटर फिरते का, पाइपात पाणी चढले का, व्हॉल्व्ह उघडा आहे का, असे विहिरीपासून सरीपर्यंत पाहात जातो. डिस्कचेही तसेच आहे. जोडल्यापासून दिसेपर्यंत चार टप्पे असतात.

१. डिस्कला वीज मिळते. दिवा लागतो.
२. तबकडी फिरू लागते. हाताला बारीक थरथर लागते.
३. डिस्क लॅपटॉपला आपली ओळख देते. लॅपटॉप 'टुंग' असा आवाज करतो.
४. विंडोज तिला एक अक्षर देते, उदाहरणार्थ ई किंवा एफ, आणि मग ती पडद्यावर दिसते.

गाडी कोणत्या टप्प्यावर अडते ते आधी ठरवावे. निम्मे काम तिथेच होते.

टप्पा पहिला व दुसरा : वीज

'कधी दिसते, कधी नाही' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते. कारण आपल्या परिचयाचेच आहे. पाणी उपसण्याची मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अँपिअर ओढते. व्होल्टेज कमी असेल तर ती नुसती घुमते, उचलत नाही. डिस्कमध्येही मोटरच आहे. लहान डिस्क सुरू होताना एक अँपिअरच्या आसपास ओढू शकते. आता यूएसबीचा नियम पाहा. जुन्या २.० पद्धतीच्या सॉकेटने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, तर ३.० पद्धतीच्या सॉकेटने ९००. म्हणजे हिशेब काठावरचा आहे. पुष्कळ लॅपटॉप नियमापेक्षा थोडे जास्त देतात म्हणून डिस्क चालते. बॅटरी उतरली, शेजारच्या सॉकेटला आणखी काही लावले किंवा केबल जुनी झाली की तीच डिस्क उचलत नाही. म्हणूनच ती सकाळी चालते आणि संध्याकाळी नाही.

यावर उपाय असे :

(अ) लॅपटॉपला चार्जर लावूनच डिस्क जोडावी. माऊस सोडून बाकीची उपकरणे काढावीत.

(आ) एकाची चार सॉकेटे करणारा हब वापरू नये. डिस्क सरळ लॅपटॉपलाच लावावी. हब हवाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्यावा.

(इ) ३.० पद्धतीचे सॉकेट निवडावे. त्याच्या आत बहुधा निळी पट्टी असते किंवा शेजारी 'एसएस' अशी खूण असते.

(ई) केबल आखूड वापरावी. डिस्कबरोबर येणारी केबल जेमतेम अर्धा मीटर असते, ती उगाच नव्हे. विहिरीपर्यंत बारीक आणि लांब वायर टाकली की व्होल्टेज पडते, तोच नियम इथे लागू आहे.

(उ) टेबलावर ठेवण्याच्या मोठ्या डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. तो सैल आहे का, मूळचाच आहे का, हे पाहावे. दिसायला सारखा म्हणून दुसऱ्याच यंत्राचा अडॅप्टर लावू नये.

कानही वापरावा. बारीक 'पीप पीप' आवाज येऊन डिस्क फिरत नसेल तर वीज अपुरी असते किंवा आतली मोटर अडकलेली असते. आधी केबल आणि सॉकेट बदलून पाहावे. 'टक् टक् टक्' असा ठरावीक अंतराने आवाज येत असेल, तर वाचणारे टोक जागा शोधत धडपडत असते. असा आवाज आला की तत्काळ बंद करावे आणि पुन्हा पुन्हा लावू नये. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये तबकडी नसते. तिला थरथर आणि आवाज लागू नाही, बाकी सर्व लागू आहे.

टप्पा तिसरा : केबल व जोड

दिवा लागतो, डिस्क फिरते, पण लॅपटॉप मुका. अशा वेळी संशय केबलवर घ्यावा. केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि माहिती नेणाऱ्या वेगळ्या. मोबाइलच्या काही स्वस्त केबलमध्ये तर माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. त्या केबलवर दिवा लागेल, डिस्क मात्र दिसणार नाही.

पुष्कळ लहान डिस्कना एक रुंद, चपटे, दोन भागांचे टोक असते. मोठ्या भागात पाच जोडण्या जुन्या पद्धतीच्या आणि लहान भागात पाच नव्या. हे टोक नाजूक असते. डिस्क केबलला लोंबकळत ठेवली, पिशवीत केबलसकट कोंबली, की सॉकेट सैल होते. मग टोक जरा वाकडे धरले तर डिस्क दिसते, सोडले की जाते. अशी वाकडी धरून डिस्क वापरू नये. नवी केबल घ्यावी. नव्या केबलनेही हलत असेल तर डबीचे सॉकेट सैल झाले आहे, ते कारागिराकडूनच पक्के करून घ्यावे.

आपल्याकडे धूळ फार. गाळप हंगामात बगॅसची भुकटी घराघरात येते. सॉकेट कोरड्या मऊ ब्रशने साफ करावे, तेही लॅपटॉप बंद ठेवून. तोंडाने फुंकू नये, ओल आत जाते. रॉकेल, तेल किंवा डिझेल यांचा तर विचारही करू नये.

एक उदाहरण

आमच्या गटातील एका पाणीपुरवठा संस्थेच्या सचिवांची डिस्क अशीच खेळ करीत होती. तिच्यात संस्थेची नऊ वर्षांची पाणीपट्टी आणि सभासदवार येणे-बाकी होती. वार्षिक सभा पंधरा दिवसांवर आलेली. बाजारातल्या एका दुकानदाराने सांगितले, "डिस्क गेली, फॉरमॅट मारून देतो, निदान डबी वापरता येईल." सचिव शहाणे, त्यांनी डिस्क परत आणली. पुतणीच्या लॅपटॉपला लावली, तिथेही तोच प्रकार. मग तिने स्वतःच्या डिस्कची केबल लावून पाहिली. डिस्क लगेच दिसली आणि टिकली. त्यांनी आधी सगळा हिशेब पेन ड्राइव्हवर आणि संस्थेच्या संगणकावर उतरवला आणि मगच चहा घेतला. जुनी केबल टोकापाशी आतून तुटलेली निघाली.

यात शिकण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी एका वेळी एकच वस्तू बदलली. आधी लॅपटॉप, मग केबल. आपण खताची चाचणी घेताना एकाच वेळी बेणे, खत आणि पाणी तिन्ही बदलले, तर उतारा कशाने वाढला हे कळत नाही. तसेच हे आहे. अदलाबदलीचा निष्कर्ष असा काढावा :

दुसऱ्या लॅपटॉपवर डिस्क नीट चालली, तर दोष आपल्या लॅपटॉपचा.
केबल बदलल्यावर चालली, तर दोष केबलचा.
लॅपटॉप व केबल दोन्ही बदलून तेच, तर दोष डबीचा अथवा डिस्कचा.

टप्पा चौथा : लॅपटॉपची बाजू

'टुंग' आवाज येतो, पण डिस्क पडद्यावर दिसत नाही. इथे घरातल्या मुलामुलींची मदत घ्यावी.

पहिली गोष्ट, लॅपटॉप 'रीस्टार्ट' करावा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, पुष्कळ लॅपटॉपवर नुसते 'शट डाऊन' केले की तो पुरता बंद होत नाही, लवकर उठण्यासाठी अर्धवट झोपतो. जुना घोळ तसाच राहतो. 'रीस्टार्ट'ने तो पुसला जातो.

दुसरी गोष्ट, विंडोजच्या चिन्हाची कळ आणि एक्सची कळ एकदम दाबावी. यादी येईल, त्यात 'डिस्क मॅनेजमेंट' निवडावे. खाली डिस्क दिसत असेल, तिचा आकार बरोबर असेल, पण तिला अक्षर नसेल, तर तिच्या पट्टीवर उजवे बटण दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' मधून 'ॲड' करून मोकळे अक्षर द्यावे. याने माल पुसला जात नाही. पण त्याच यादीत 'फॉरमॅट' आणि 'डिलीट व्हॉल्यूम' हेही शेजारीच असतात. तिथे बोट चुकू देऊ नये.

तिसरी गोष्ट, विजेची बचत. बॅटरी टिकावी म्हणून लॅपटॉप रिकाम्या बसलेल्या यूएसबी सॉकेटला झोपवतो. काही डिस्क त्या झोपेतून नीट उठत नाहीत. डिस्क थोडा वेळ चालून आपोआप नाहीशी होत असेल तर हे कारण तपासावे. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स'च्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' असते, ते 'डिसेबल्ड' करावे. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते, तिची खूण काढावी. काही लॅपटॉपवर हे पान किंवा हा पर्याय दिसत नाही, तिथे सोडून द्यावे.

चौथी गोष्ट, 'डिव्हाइस मॅनेजर'मध्येच डिस्कच्या नावावर पिवळी खूण असेल तर उजव्या बटणाने 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करावे, डिस्क काढावी, रीस्टार्ट करून पुन्हा लावावी. इथे फक्त लॅपटॉपची नोंद पुसली जाते, डिस्कवरचा माल नाही.

डिस्कचीच तब्येत पाहावयाची असल्यास

'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी वाचून 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' असा शेरा देतो. 'कॉशन' आले तर तबकडीवर नापीक डाग पडू लागले, असे समजावे. त्या डिस्कवर पुढे भरवसा ठेवू नये. 'गुड' शेरा म्हणजे मात्र आयुष्याची हमी नव्हे. केबलचा आणि जोडाचा दोष त्यात दिसेलच असे नाही. काही डब्यांतल्या डिस्कची नोंद या प्रोग्रॅमला वाचता येत नाही, तेवढ्यावरून घाबरू नये.

हे करू नये

१. "डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल" असा संदेश आला तर 'कॅन्सल' दाबावे. 'इनिशिअलाइझ डिस्क' असे विचारले तरीही 'कॅन्सल'च. लॅपटॉपला डिस्कची मांडणी वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. माल नाही असा अर्थ नसतो.

२. माल उतरवण्याआधी दुरुस्तीची 'चेक डिस्क' आज्ञा चालवू नये. आजारी डिस्कला ती तासन्‌तास राबवते आणि तेवढ्यात डिस्क बसू शकते.

३. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. तो मानू नये. बाहेर काढल्यावर आत दव धरते.

४. डबी खोलून दुसऱ्या डबीत डिस्क घालणे कधी उपयोगी पडते. पण काही डिस्कमध्ये यूएसबीचा जोड डिस्कच्याच पट्टीवर असतो, आणि काहींमध्ये दुभाषी पट्टी माल सांकेतिक भाषेत लिहिते. अशी डिस्क दुसऱ्या डबीत वाचता येत नाही. जाणकारालाच हे करू द्यावे.

५. डिस्कचे सीलबंद झाकण कोणालाही दुकानात उघडू देऊ नये. ते काम धूळविरहित खोलीतले आहे. आत धुळीचा एक कण गेला तरी तबकडी खरवडते.

टक् टक् आवाज, हातातून पडलेली डिस्क, किंवा पाण्यात भिजलेली डिस्क असेल आणि माल मोलाचा असेल, तर घरचे सगळे प्रयोग थांबवावेत आणि माल परत मिळवून देणाऱ्या जाणकार केंद्राकडे जावे. खर्च आधी विचारावा. तो डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट असू शकतो.

रोजची निगा

डिस्क काढण्यापूर्वी 'सेफली रिमूव्ह'चा पर्याय वापरावा आणि तबकडी थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद वाट पाहावी. डिस्क सपाट जागी ठेवावी, अंथरुणावर किंवा गादीवर नको. पुष्कळ कंपन्या या डिस्कसाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या जीपमध्ये डिस्क ठेवू नये. मोठी प्रत काढायची असेल तर सकाळी काढावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, एकाच डिस्कवर असलेला माल सुरक्षित धरू नये. मोलाच्या मालाच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक घराबाहेर असावी, मुलीच्या सासरी, भावाकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. आपण सगळे बेणे एकाच मळ्यात लावत नाही, थोडे दुसऱ्या रानातही राखतो. इथेही तेच करावे.

दिवाळीला मुले-नातवंडे घरी येतात. त्या वेळी एक दुपार यासाठी काढावी. घरातल्या सगळ्या डिस्क एकदा लावून पाहाव्यात, प्रत्येकीवर काय आहे ते चिठ्ठीवर लिहून चिकटवावे, आणि जी डिस्क एकदा जरी दिसायची थांबली असेल तिचा माल त्याच दिवशी उतरवून घ्यावा.

ऊस विकास अधिकारी